परशाअण्णांनी खाल्लेले मासे

आमच्या युनिटमध्ये अर्सेनिकचं नाव कुणी घेत नसे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच. मॅनेजरसाहेब 'अशुद्धी' म्हणायचे. शेडमधला मंजुनाथ नुसतं 'अदु' म्हणायचा, म्हणजे कानडीत 'ते'. एकटे टाकीवरचे परशाअण्णा सरळ नाव घ्यायचे. "सोमल हाय तो. सोमलाला सोमल म्हणायला कुणाच्या बापाची चोरी हाय काय?" असं म्हणायचे आणि मास्कची पट्टी पुन्हा एकदा आवळायचे.

हुबळीजवळ, बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं युनिट. तांबं गाळणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यात जी धूळ अडकते ती आमच्याकडे यायची, ट्रकमधून, छातीएवढ्या उंच पिशव्यांत भरून. दिसायला अगदी नाचणीचं पीठ. त्यात तांबं असतं, जस्त असतं, शिसं असतं, आणि ह्या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून सोमल असतो. धूळ आम्लात कालवायची, गरम करून घुसळायची. शिसं गाळात राहतं, बाकीचे पाण्यात उतरतात. मग त्या पाण्यात लोहाचा क्षार घालून सोमल तळाशी बसवायचा, गाळून घ्यायचा, आणि उरलेल्या निळ्या पाण्यातून विजेनं तांबं काढायचं. बसलेल्या सोमलाच्या वड्या पिशवीत बांधून घातक कचऱ्याच्या सरकारमान्य खड्ड्यात जायच्या. एवढंच काम. लिहायला चार ओळी लागल्या, करायला अण्णा लागायचे.

मी तिथली केमिस्ट. एम.एस्सी. राहायला हुबळीला विद्यानगरात. माझे वडील हुबळीच्या बाजारात भांड्यांचे दुकानदार, मूळचे गडहिंग्लजकडचे. अण्णा अळणावरजवळच्या एका खेड्यातले शेतकरी, शिक्षण सातवी, गळ्यात तुळशीची माळ. ते मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणाले. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणतो, ह्याचं मला आठ दिवस अवघड वाटलं. नंतर सवय झाली. सवय कशाचीही होते.

त्यांच्या हाताला काहीतरी देणगी होती हे मला कबूल करायला वर्ष लागलं. टाकीतलं पाणी ते एका काचेच्या ग्लासात घ्यायचे, खिडकीपाशी धरायचे आणि बघत उभे राहायचे. गाळ हिरवट राखाडी होऊन झपाझप खाली बसला तर ठीक. पिवळा, फुगलेला, तरंगत राहिला तर बिघडलं. माझ्या यंत्रातून आकडा यायला दोन तास लागायचे. अण्णांचा निकाल ग्लासातला गाळ बसेपर्यंत हातात. पहिल्या वर्षी मी मुद्दाम त्यांची चूक शोधायला बसायचे, काय करणार, शिक्षणाचा माज. एकदाही सापडली नाही.

घाई त्यांना खपत नसे. साहेब येऊन "अजून किती वेळ, अण्णा?" म्हणाले की हे "निधान, सायबा, निधान", म्हणजे कानडीत 'सावकाश', म्हणत त्यांच्यापुढे ग्लास धरायचे. "सोमल काय मरत न्हाई. जाळा, पुरा, काय बी करा, मरत न्हाई. त्याला फकस्त बसवायचं असतंय. तुम्ही दम देऊन बसवाल तर दाराबाहेर गेल्यावर उठंल." रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ह्यात एक शब्द चुकीचा नव्हता.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र माणूस म्हणजे छळ. धुळीच्या शेडमध्ये कामाला येणाऱ्या प्रत्येकाची दाढी गुळगुळीत पाहिजे, कारण दाढी असली की मास्क गालाला चिकटत नाही. अण्णा सकाळी गेटवर उभे राहून हनुवट्यांवरून हात फिरवायचे. एकजण नवीन आला, लग्न ठरलेलं, रुबाबदार कोरलेली दाढी. अण्णांनी त्याला स्वतःच्या सायकलवर डबलसीट घेतलं आणि न्हाव्याकडे नेऊन बसवलं. तो परत आला तेव्हा रडायच्या बेतात होता. "नवरी दाढी बघून हो म्हणाली असंल तर आत्ताच कळू दे की," अण्णा म्हणाले. लग्न झालं, आणि लग्नाला अण्णांना आग्रहाचं बोलावणंही आलं.

हात ते तीनदा धुवायचे. एकदा मुलीच्या लग्नासाठी तांब्याची कळशी घ्यायला आमच्या दुकानात आले. वडिलांनी चहा मागवला. हे उठून मागच्या नळावर गेले, साबण मागितला, कोपरापर्यंत तीनदा हात धुतले, नखं तपासली, मग कपाला हात लावला. ते गेल्यावर वडील मला विचारतात, "हे काय गं, एवढं सोवळं? कुठल्या मठातले?" मी म्हटलं, "मठातले नाहीत, आमच्या फॅक्टरीतले आहेत." वडिलांना ते काही पटलं नाही.

आता बादलीचं सांगते. टाकीतून नमुना काढायला आमच्याकडे प्लास्टिकची बादली असे. ती फुटली. मंजुनाथ म्हणजे आमचा कामसू, हसरा, पण अर्धं ऐकून पळणारा माणूस. त्यानं बागेतली जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली आणली, दोरीनं टाकीत सोडली आणि दुसऱ्या कामाला गेला. आम्लात जस्त पडलं आणि त्या आम्लात सोमल असला की जो वायू सुटतो, तो चार-दोन मिनिटांतही माणसाला पुरेसा होतो. अण्णा दारातून आत येत होते. त्यांनी दोरी पाहिली, टाकीवरचे बुडबुडे पाहिले आणि ओरडले, "ओड्री! ओड्री! हातातलं टाकून पळा!" मी त्या माणसाला त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांना गेटबाहेर, वारा येत होता त्या अंगाला नेऊन उभं केलं, डोकी मोजली. साहेब चिडले. म्हणाले, "वास तरी येतोय का कशाचा?" अण्णा म्हणाले, "लसणीचा वास येतोय म्हणत्यात. यायची वाट बघत बसू काय? आला म्हंजे लसणीगत आमटीत पडल्यालाच असतोय माणूस."

चौकशी झाली तेव्हा अण्णांनी सांगितलं, बादली मी सोडली. मंजुनाथ पांढराफटक पडून शेजारी उभा. अण्णांची जुनी नोकरी, म्हणून ताकीद देऊन सोडलं; मंजुनाथचं नाव आलं असतं तर त्याच दिवशी घरी गेला असता. मी नंतर विचारलं, "अण्णा, माळ घालून खोटं बोललात?" ते म्हणाले, "माळ गळ्यात हाय, अक्का. जिभंवर न्हाई." आम्लानं बुड खाल्लेली ती बादली त्यांनी शेडच्या दारात खिळ्याला टांगली. नव्या माणसानं तिला नमस्कार करूनच आत जायचं. मंजुनाथ रोज करायचा, अगदी चपला काढून.

मग धूळ ओढून घेणारा पंखा बिघडला, आणि इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही, पण सांगते.

पिशव्या फोडायच्या जागी वर एक मोठा पंखा होता. पिशवी कापली की उडणारी धूळ तो ओढून घ्यायचा. त्याची मोटर जळाली. तारिहाळच्या वर्कशॉपात नेऊन तिची तार नव्यानं गुंडाळून आणली, पुन्हा जळाली. पुन्हा नेली. मग साहेब म्हणाले, नवीन बसवू, वरून मंजुरी येऊ दे. मंजुरी काही येईना. धूळ मात्र ठरल्या दिवशी येत होती. पंखा नसताना पिशवी फोडणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं की पंखा येईपर्यंत पिशव्या ते एकटेच फोडणार. बाकीच्यांनी दार लावून बाहेर थांबायचं. मास्क असला तरी त्या ढगात रोज दोन-अडीच तास काढायचे म्हणजे काही ना काही आत जाणारच.

दर तीन महिन्यांनी सगळ्यांची लघवी तपासायला जाते. त्यात सोमल मर्यादेबाहेर निघाला की माणसाला शेडमधून काढून बाहेरच्या कामाला लावायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे. त्याला एक पळवाट आहे, तीही शास्त्रीय. समुद्राचे मासे खाल्ले की ह्या तपासणीत आकडा वाढतो, आणि तो अर्सेनिक बहुतेक निरुपद्रवी असतो. म्हणून फॉर्मवर प्रश्न असतो: गेल्या चार दिवसांत मासे खाल्ले का? 'हो' असेल तर वाढलेला आकडा मोजत नाहीत, पुढच्या खेपेला बघू म्हणतात. फॉर्म भरायचं काम माझं.

पंखा बंद पडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत अण्णा माझ्यासमोर येऊन बसले. मी नाव, वय लिहिलं. मग विचारायचं म्हणून विचारलं, "मासे?"

"खाल्ले की," अण्णा म्हणाले.

मी मान वर करून बघितलं. बटण उघडं होतं, माळ समोर दिसत होती. अंड्याच्या केकचाही वास न घेणारा माणूस.

"अण्णा."

"बांगडा," ते म्हणाले. "कारवारचा. लई ताजा हुता."

"बांगडा बघितलाय का तुम्ही कधी?"

"लिवा, अक्का." आवाज चढला नव्हता. "मला काढलं तर पिशव्या कोण फोडंल? मंजाला लावतील. त्यो मास्कच्या आत तंबाखू धरतोय गालात. सहा महिने टिकायचा न्हाई. आणि टाकी कोण बघंल? तुमचं यंत्र बघंल?"

हे खरं होतं. अण्णा नसते तर सोमल नीट बसला नसता, बाहेर जाणाऱ्या पाण्यात उतरला असता, नोटीस आली असती आणि युनिटला कुलूप लागलं असतं. चाळीस माणसं घरी गेली असती. त्या चाळिसांत मीही होते. मला नोकरी हवी होती, हेही लिहून टाकते. मी 'हो' लिहिलं. आम्ही दुकानदाराची माणसं, गिऱ्हाइकाशी तोंडानं थोडं इकडचं तिकडं बोलतो. सही करून खोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं.

आकडा वर आला. फॉर्मवर मासे होते, म्हणून चालून गेलं. साहेबांना मी पंख्याची आठवण केली. ते म्हणाले, फाइल पुढे गेली आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा. "मासे?" "पापलेट," अण्णा म्हणाले. त्यांनी कुणाकडून तरी नाव विचारून ठेवलं होतं. आम्ही दोघं हसलो. मी खरंच हसले, हे मला पक्कं आठवतं. त्या वेळी त्यांच्या नखांवर आडवी पांढरी रेघ होती, आणि ती सोमल अंगात भिनल्याची खूण, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांनी पेन मागितलं सही करायला, मी दिलं. ते बोटांत धरताना दोनदा पडलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी नाव सांगितलंच नाही. मी न विचारताच 'हो' लिहिलं.

माझी लाज वाटते मला. त्या वेळी वाटली नाही. त्या वेळी काहीच वाटत नव्हतं, रोजच्या फॉर्मातला एक फॉर्म होता तो.

मग एक दिवस पंपाची जोडणी सुटली आणि टाकीतलं गरम आम्ल शेडमध्ये पसरलं. अण्णांनी गमबूट घालून उभ्या उभ्या जोडणी बसवली, पाणी मारलं, पुढची टाकी चढवली. जेवणाच्या सुट्टीत मी हात धुवायला नळावर गेले तर ते बूट काढून बसले होते. उजव्या बुटाला तळाशी चीर होती. ते मोजा काढत होते आणि मंजुनाथला सांगत होते की आज गंगव्वानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वांग्याची भाजी दिली आहे. मोजा निघाला. त्याच्याबरोबर टाचेची कातडीही निघाली. मंजुनाथ "अय्यय्यो" म्हणून मागं सरकला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे बघितलं.

"अण्णा, दुखत नाही?" मी विचारलं.

"न्हाई की," ते म्हणाले. आणि मग, अगदी सावकाश, "कायच न्हाई."

मला भीती वाटली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट भीती वाटली.

पुढचं सगळं भराभर झालं. दवाखाना झाला, डॉक्टर झाले. हातापायांचे मज्जातंतू सोमलानं खाल्ले होते. थोडं परत येईल, सगळं येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मासे खाता का, असं त्यांनी विचारलं नाही. माळेकडे बघितलं आणि पुढे लिहीत गेले. मी तिथल्या तिथे साहेबांना सांगितलं की तिन्ही फॉर्म मी खोटे भरले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाही, आणि मी ऐकलं नाही." अण्णांना हार, शाल, नारळ मिळाला. ते काम सोडून घरी बसल्यानंतर नवव्या दिवशी नवीन पंखा बसला. अजून चालतो. उत्तम चालतो. टाकी आता मंजुनाथ बघतो, आणि बरी बघतो, म्हणजे युनिट बंद पडलं नाही. अण्णांशिवाय चालणार नाही असं जे अण्णा आणि मी धरून चाललो होतो, ते तसं नव्हतंच.

मी त्यांच्याकडे एकदाच गेले. अळणावरला उतरून पुढे दुसरी बस. अण्णा ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली, पांढरी. मला बघून खूश झाले. गंगव्वानं भाकरी, झुणका वाढला. मुलीचं, पिकाचं, सगळं बोलून झालं. गंगव्वा भांडी घेऊन मागं गेली तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, ते मासे मी लिहायला नको होते."

ते हसले. "तुम्ही न्हाई लिवलं असतं तर मी मंजाकडनं लिवून घेतलं असतं. त्याचं अक्षर तुमच्याहून झ्याक हाय."

"मी खरंच सांगते."

"खरंच तर सांगलालोय मी बी." मग त्यांनी मागं वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण गंगव्वाला बोलू नका हं. बाकी सगळं ठाऊक हाय तिला. मासे ठाऊक न्हाईत. माळकऱ्यानं मासे खाल्ले म्हणून कागदावर हाय, हे तिला कळलं तर लई जिवाला लावून घेईल." ह्या एका गोष्टीला ते घाबरत होते. मी नाही सांगणार म्हटलं.

दुपारी मला बसला सोडायला दोघंही निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात. अण्णा पुढे, हातात काठी, पाऊल उंच उचलून टाकत. मी त्यांच्या शेजारी, गंगव्वा मागं. ते मला बांधाकडे हात करून सांगत होते, ह्या साली मिरची लावली, बोरिंगला पाणी चांगलं आहे. बोलता बोलता त्यांची डाव्या पायातली चप्पल निसटून रस्त्यात राहिली. ते तसेच पुढे चालत राहिले. ऊन होतं, रस्त्यावर खडी होती. माझं तोंड उघडलं होतं बोलायला, एवढ्यात मागून गंगव्वानं माझा हात दाबला.

"बोलू नका, अक्का," ती हळूच म्हणाली. "त्यांना कळंना झालंय. दिवसातनं दोन-चारदा व्हतंय. सांगितलं की दोन दिवस जेवत न्हाईत."

तिनं वाकून चप्पल उचलली, पदराखाली धरली आणि चार पावलं भरभर चालत त्यांच्या बरोबरीनं आली. "थांबा की ओ जरा. दम लागला मला."

"आता कशाचा दम लागलाय तुला?" अण्णा थांबले. काठीवर रेलून मला मिरचीचं पुढे सांगू लागले. ती त्यांच्या पायाशी खाली बसली. पायाच्या तळव्याला टोचलेला खडा तिनं नखानं काढला, पदरानं रक्त पुसलं, पाऊल किंचित उचलून चप्पल आत सारली, पट्टा ओढला. अण्णांनी खाली बघितलं नाही. ते मिरचीवर पडलेल्या रोगाबद्दल बोलत होते. मी "हो का, हो का" म्हणत राहिले.

बस आली. मी खिडकीपाशी बसले. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवत होते आणि ओरडून काहीतरी सांगत होते, घरी पोचल्यावर फोन करा असं असेल. गंगव्वा त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं हात हलवला नाही, बसकडेही बघितलं नाही. बस वळेपर्यंत ती त्यांच्या पायांकडे बघत होती.